वाळीत टाकलेल्या घराने दंड भरावा का?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

ताई, नमस्कार. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी करतो. गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठाला. गावी आई-वडील, भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं असतात. आमच्या भातखाचरांकडे जायला एकच वाट आहे. आजोबांच्या काळापासून बैल तिथूनच जायचे, आता पॉवर टिलर जातो. मार्गशीर्षात गावकीतल्या एका वजनदार माणसाने त्या वाटेवर चिऱ्यांचा गडगा घातला. भावाने तहसीलदारांकडे अर्ज केला. त्यावर देवळात गावकीची बैठक बसली. गावचा तंटा कचेरीत नेला म्हणून अर्ज मागे घ्यायचा, देवापुढे नारळ ठेवून माफी मागायची आणि २५,००० रुपये दंड भरायचा, असं ठरलं. भावाने नकार दिला. तेव्हापासून आम्हाला वाळीत टाकलं आहे.

दुकानदार माल देत नाही. गिरणीवाला भात भरडून देत नाही. रिक्षा आमच्या माणसांसाठी थांबत नाही. आमच्याशी जो बोलेल त्याला ५,००० रुपये दंड, असा आवाजी मेसेज गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. दोघांकडून तो दंड घेतलाही. काकी वारली तेव्हा खांदा द्यायला गावातलं कोणी आलं नाही, मी मुंबईहून मित्र घेऊन गेलो. शिमग्याला पालखी दारावरून पुढे गेली. आई त्या दिवशी जेवली नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर 'गावातलं गावात मिटवा' म्हणाले आणि एनसीचा (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा) कागद हातात दिला. आम्ही आणि ते एकाच जातीचे, त्यामुळे ॲट्रॉसिटी लागत नाही, मग गुन्हा कसला, असं त्यांचं म्हणणं. मानवाधिकार संघटनेचं ओळखपत्र दाखवणारा एक जण प्रकरण 'आयोगात लावून देतो' म्हणून १५,००० मागतो आहे. वडील म्हणतात, दंड भरून टाकू, आम्हाला इथेच जगायचं आणि इथेच मरायचं आहे. पेरणी तोंडावर आली आहे. आम्ही काय करावं? मानवी हक्क आयोगाकडे जावं का?

उत्तर

भाऊ, आधी थेट उत्तरं देते, कारणं मागाहून. दंड भरू नका. तहसीलदारांकडचा अर्ज मागे घेऊ नका. मानवी हक्क आयोगाकडे जरूर जा, पण आधी पोलिसांकडे नव्याने, लेखी आणि कायद्याचं नाव घेऊन जा. आयोगाची पायरी त्यानंतरची आहे. आणि त्या ओळखपत्रवाल्याला एक रुपयाही देऊ नका. आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही, वकील लागत नाही, मध्यस्थ तर नाहीच. साध्या कागदावर मराठीत लिहून पोस्टाने पाठवलेली तक्रारही तिथे चालते. नावात 'मानवाधिकार' असलेल्या खासगी संस्था गावोगावी आहेत. त्यातल्या काही मनापासून काम करतात, पण त्यांच्या कार्डाला कसलाही सरकारी अधिकार नाही.

वडिलांचं म्हणणं मात्र हलक्यात घेऊ नका. रोज सकाळी उठून त्या गावात वावरायचं आहे ते त्यांना, तुम्हाला किंवा मला नाही. त्यांच्याशी बसून एवढंच बोला, की हा दंड कशाचा आहे? वाट कोणाची, याचा निवाडा गावकीने केलेलाच नाही. दंड आहे तो कचेरीत गेल्याचा. म्हणजे २५,००० भरून वाट मिळणार नाही. उलट 'आमच्यावर अन्याय झाला तरी आम्ही सरकारदरबारी जाणार नाही' हे आपल्या घराने कबूल केल्यासारखं होईल. उद्या गडगा अंगणापर्यंत आला तर पुन्हा त्याच बैठकीपुढे उभं राहावं लागेल. भाऊ ज्या दारात गेला ते दार सर्वांना खुलं असणं हाच एक मूलभूत हक्क आहे. २०१६ साली अनिता कुशवाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्याय मागण्याचा मार्ग मोकळा असणं हा संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ चा भाग असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या घराला शिक्षा झाली ती नेमकी हा हक्क वापरल्याची. तुमच्या प्रकरणाचा गाभा हा आहे आणि प्रत्येक कागदात हे वाक्य आलं पाहिजे.

आता कायदा. 'मानवी हक्क' म्हटलं की लोकांना दिल्ली किंवा जिनिव्हा आठवते. आपल्याकडच्या १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमातली व्याख्या मात्र अगदी जमिनीवरची आहे: व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित असलेले, संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातल्या न्यायालयांकडून अंमलात आणता येतील असे हक्क. दुकानातून मीठ-तेल न मिळणं आणि मयताला खांदा न मिळणं हे प्रतिष्ठेवरचे घाव आहेत, यात शंका नाही. पण न्यायालयात नुसतं 'आमची प्रतिष्ठा गेली' म्हणून भागत नाही. ती कोणी, कधी, कोणत्या कृतीने घालवली आणि ती कृती कोणत्या कायद्याने गुन्हा ठरते, हे दाखवावं लागतं. तुमच्या सुदैवाने महाराष्ट्रात असा कायदा आहे.

त्याचं नाव लक्षात ठेवा, ठाण्यात ते उच्चारावं लागेल: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. विधिमंडळाने तो एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्यामागे जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चालवलेली मोहीम होती, आणि तुमच्याच रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांवरून मुंबई उच्च न्यायालयात झालेल्या याचिकाही होत्या. तुम्ही जे सोसता आहात तेच सोसलेल्या तुमच्या जिल्ह्यातल्या घरांमुळे हा कायदा झाला, हे आईला सांगा. आपण एकट्याच आहोत असं तिला वाटत असेल.

या कायद्याला जातीची अट नाही. बहिष्कार घालणारे आणि सोसणारे एकाच जातीचे असले तरी तो लागतो. किंबहुना एकाच जातीच्या पंचांनी आपल्याच माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार डोळ्यांसमोर ठेवूनच तो लिहिला आहे. ॲट्रॉसिटी लागत नाही हे पोलिसांचं म्हणणं बरोबर, पण म्हणून गुन्हाच नाही हे साफ चूक. (अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर दुसऱ्यांनी बहिष्कार घातला, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यातही तो स्वतंत्र गुन्हा आहे. तशा स्थितीतल्या वाचकांनी तोही कायदा तक्रारीत लिहावा.) कलम ३ मध्ये कोणत्या कृती बहिष्कार ठरतात याची मोठी यादी आहे. सामाजिक, धार्मिक किंवा व्यवसायाचे संबंध तोडायला इतरांना चिथावणं, अंत्यसंस्कारासारख्या विधींत अडथळा आणणं, सार्वजनिक जागा आणि सेवा वापरू न देणं, जगणं असह्य होईल असं वाळीत टाकणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार ठरवायला बैठक घेणाऱ्यांना आणि त्याला साथ देणाऱ्यांनाही शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवून तपास करता येतो. तो जामीनपात्रही आहे, म्हणजे एफआयआर झाली की सगळे तुरुंगात जातील अशी आशा धरू नका. ते त्याच संध्याकाळी गावात असतील. घरच्यांच्या मनाची तयारी आधीच करून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: तक्रारीत नावं कोणाची घालायची. रागाच्या भरात 'समस्त ग्रामस्थ' किंवा शंभर नावांची यादी लिहिली जाते, आणि तिथेच प्रकरण ढासळतं. कायदा कोणालाही तुमच्याशी प्रेमाने बोलायला भाग पाडू शकत नाही. एखाद्या शेजाऱ्याने स्वतःच्या मनाने तोंड फिरवलं तर तो गुन्हा नाही. गुन्हा आहे तो हुकमाचा: बैठक बोलावणारा, निर्णय सांगणारा, आवाजी मेसेज टाकणारा, दंड वसूल करणारा. हे पाच-सात जण असतील. त्यांचीच नावं घाला. दुकानदार, गिरणीवाला, रिक्षावाला यांना आरोपी करण्याआधी दहा वेळा विचार करा. त्यातला बहुतेक जण ५,००० रुपयांच्या भीतीने गप्प आहे, आणि उद्या न्यायालयात 'मला दंडाची भीती घातली होती' असं सांगू शकणारा तोच आहे. आरोपी केलात तर तो साक्षीदार कायमचा गमावला. ज्या दोघांनी तुमच्याशी बोलल्याबद्दल दंड भरला, ते कायद्याच्या नजरेत स्वतः पीडित आहेत. त्यांच्याकडे आधी जा. शक्य असेल तर गावाबाहेर, तालुक्याच्या ठिकाणी भेटा. पावती दिली असेल तर तिचा फोटो घ्या. पावती नसेल तर किती रक्कम, कोणी, कोणासमोर घेतली एवढं टिपून ठेवा. त्यांच्यावर दबाव आणू नका. एक जण जरी उभा राहिला तरी खूप आहे.

तक्रार तारखेवार लिहा. 'गेले कित्येक महिने आमचा छळ होत आहे' या वाक्याचा पोलिसांना उपयोग नाही. 'अमुक तारखेला संध्याकाळी देवळात बैठक झाली, हजर असलेल्यांपैकी अमुक यांनी असा निर्णय सांगितला. अमुक तारखेला वहिनी दुकानात गेली असता दुकानदाराने गावकीचा हुकूम असल्याचं सांगून तेल दिलं नाही, तेव्हा तिथे अमुक हजर होता' असं हवं. वहिनीने एक वही करावी आणि जे घडेल ते त्याच दिवशी लिहावं. तो आवाजी मेसेज तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ज्या फोनवर तो पहिल्यांदा आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका. मेसेज इतरांना पुढे पाठवत बसू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देईल. पण मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

तक्रारीतल्या गोष्टींचा क्रमही मुद्दाम सांगते. पालखीचं दुःख तुमच्या पत्रात सगळ्यात खोल आहे, हे मला जाणवलं. तरीही तक्रारीची सुरुवात पालखीने करू नका. कारण असं: मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा एक कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर तो चार विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणांवरून सदस्याला बाहेर काढणं हा पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असं बहुमताचं म्हणणं पडलं. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे त्याविरुद्ध होते. तो निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. मला सिन्हांचं मत पटतं. पण तुमचा भाऊ या घटनात्मक वादाचं मैदान व्हायला नको. पालखी, देऊळ, मानपान यांवर जोर दिला की समोरचा वकील लगेच 'ही धार्मिक प्रथा आहे' म्हणून उभा राहील. तेल, भात, रिक्षा आणि दंड यांना धर्माची ढाल धरता येत नाही. ते आधी लिहा, काकीच्या मयताचं त्यानंतर, पालखीचं शेवटी. लिहाच मात्र, वगळू नका. २०१६ च्या कायद्याने धार्मिक बाबींतला बहिष्कारही गुन्हाच मानला आहे.

हा कागद घेऊन ठाण्यात जा, प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, हे शांतपणे सांगा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक फट आहे. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तसं सांगितलं गेलं तर वाद घालू नका, परवानगीची नोंद आणि तारीख मागा आणि पंधराव्या दिवशी हजर व्हा. टाळाटाळ झालीच तर तीच तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. तिथेही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अधीक्षकांची पायरी गाळून मात्र जाऊ नका, अर्ज त्याच कारणावरून परत येतो. आणखी एक गोष्ट घडू शकते. 'शांतता भंग होईल' म्हणून पोलीस दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस करतात. त्यात तुमच्या भावाचं नाव आलं तर घाबरू नका, तारखेला जा आणि 'आम्ही तक्रारदार आहोत, आमच्याकडून शांततेला धोका नाही' असं लेखी द्या.

एक अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडेही करा. बहिष्कार घालण्यासाठी लोक जमणार असतील तर त्या जमावावर बंदी घालण्याचा अधिकार याच कायद्याने त्यांना दिला आहे. पुढची बैठक कधी आहे हे कळलं तर त्याआधी अर्ज पोहोचला पाहिजे. आपल्या भागासाठी सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी कोण आहेत, हेही त्याच अर्जात विचारा. पाण्याचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. गावकीच्या विहिरीवर अडवलं तर ते वरच्या तक्रारीत घाला. पण ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी तोडलं, किंवा सरपंचाने दाखला अडवला, तर मामला वेगळा होतो. मग ती शासनसंस्थेने केलेली हक्काची पायमल्ली ठरते, उच्च न्यायालयापर्यंत जाता येतं आणि आयोगाचंही दार उघडतं.

आता आयोगाबद्दल. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत आहे, सीएसएमटी स्थानकाजवळ. लोक तिथे गावकीविरुद्ध तक्रार घेऊन जातात आणि निराश होऊन परततात, कारण आयोगाचं काम मुख्यतः लोकसेवकाने केलेलं हक्कांचं उल्लंघन, किंवा ते रोखण्यात त्याने केलेली हयगय तपासणं हे आहे. म्हणून तुमची आयोगाकडची तक्रार पंचांविरुद्ध नको. दखलपात्र गुन्ह्याची माहिती असूनही एनसी देऊन तुम्हाला घरी पाठवण्याविरुद्ध हवी. तो एनसीचा कागद जपून ठेवा. तुमची बाजू पडल्याचा कागद म्हणून तो हातात दिला गेला असेल, पण आयोगापुढे तोच पहिला पुरावा आहे. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे, त्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकाच वेळी पाठवू नका. एकाकडे प्रकरण चालू असलं की दुसरा ते घेत नाही. आयोगाच्या हातात शिफारस असते: नुकसानभरपाई द्या, अधिकाऱ्यावर कारवाई करा अशी. तो कोणाला शिक्षा देत नाही. पण आयोगाचं पत्र अधीक्षकांच्या टेबलावर आलं की खालच्या ठाण्यातली फाईल पुष्कळदा हलते, आणि आत्ता तुम्हाला तेवढंच हवं आहे.

'गावची रीत आहे' हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. त्याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यातल्या एका खटल्यात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. डिसेंबरात काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. वरवर पाहता तो तळ्याच्या मालकीचा आणि वहिवाटीचा साधा दावा होता, माणुसकीचा शब्द त्यात नव्हता. बाबासाहेबांनी दुसरा सत्याग्रह न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे स्थगित ठेवला आणि दहा वर्षं तो दावा लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचं अपील फेटाळलं. अनादिकाळापासूनची रूढी त्यांना सिद्ध करता आली नव्हती. आज तर संविधानाचा अनुच्छेद १३ आहे: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेली रूढी आणि प्रथाही तेवढ्यापुरती शून्य ठरते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी ज्या संरक्षक तरतुदी मागितल्या, त्यांत बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती आणि तिचा मसुदा १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यावर बेतलेला होता. महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करायला त्यानंतर ८० हून अधिक वर्षं लागली. तो आता हाताशी आहे, तर ठाण्यातल्या एका 'मिटवा'ने मागे फिरू नका.

वाटेचं प्रकरण यापासून अगदी वेगळं ठेवा. तहसीलदारांकडचा अर्ज मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालचा असणार. त्याला अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. मार्गशीर्षापासून मोजलंत तर अर्ज आज मागे घेतल्यावर पुन्हा करायला वेळ उरत नाही, आणि मग बरीच वर्षं चालणारा दिवाणी दावा तेवढा हाती राहतो. हे वडिलांना जरूर सांगा. कचेरीत बहिष्काराची कहाणी सांगत बसू नका. तिथे जुना नकाशा, सातबारा, शेजारच्या खातेदारांचे जबाब आणि स्थळपाहणी एवढंच चालतं. पेरणीपूर्वी स्थळपाहणी व्हावी असा वेगळा अर्ज या आठवड्यातच द्या.

तक्रारदार म्हणून आईचं किंवा वहिनीचं नाव घालण्याचा विचार करा. दुकानात, गिरणीवर नकार त्यांनीच ऐकला आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. त्या दोघींची इच्छा असेल तरच, हे वेगळं सांगायला नको.

गुन्हा नोंदला गेला की मध्यस्थ घरी येतील. दार लावू नका. या कायद्यात पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते, आणि वडिलांना त्याच गावात राहायचं असल्याने तीच बरी ठरू शकते. पण तडजोड देवळात नको, न्यायालयात, लेखी. बहिष्कार उठल्याचं ज्याने आवाजी मेसेज टाकला त्यानेच, त्याच ग्रुपवर, त्याच्याच आवाजात सांगावं. वाटेच्या अर्जाचा त्यात उल्लेखही नसावा. आणि तुमच्याशी बोलल्याबद्दल ज्या दोघांकडून पाच-पाच हजार घेतले, ते त्यांना परत मिळाल्याशिवाय आईने सही करू नये.